रजिस्टरातली एक जून

समजा, तुम्ही कोपरखैरण्याच्या शाळेत पहिलीचे प्रवेश लिहून घेताय आणि पोरीच्या आईला जन्मतारीखच ठाऊक नाही. काय लिहाल? निशिगंधाबाईंनी रिवाजाप्रमाणे एक जून लिहिली. आईला कामावर जायचं होतं, म्हणून चार वर्षांच्या जागृतीचं वयही दोन वर्षांनी वाढवलं.

पुढे मुलांसाठी भांडायचं म्हणून बाई वकील झाल्या. आज त्याच जागृतीचं लग्न रद्द व्हावं म्हणून त्या कोर्टात उभ्या राहिल्या, आपली चूक कबूल केली.

“रजिस्टरात अठरा पूर्ण आहेत,” समोरचे वकील हसले. “अक्षर तुमचंच ना, मॅडम?”

कोर्टाने रजिस्टरच मानलं. सासरच्यांनी जागृतीला रिक्षात बसवलं.

“बाई, मी सोळाचीच हाय ना?”

“हो गं.”

रिक्षा गेली. अशा आणखी किती पोरी आपण मोठ्या करून ठेवल्यात, हे बाईंना आता कोण सांगणार?