प्रेसवरच्या कवीचा जवाब

रणजीत सुपरवायझरला मी माफ केलं नाही, करणारही नाही. माणूस आहे की कोण! वही टाईप करून देतो म्हणून घेऊन गेला आणि चिंचवडात हारतुरे घालून घेत स्वतःच्या नावानं पुस्तक काढलं.

वही आमच्या ह्यांची. हिंदुराव नाव, चाकणला कंपनीत पत्रा ठोकायच्या प्रेसवर आहेत, अठरा वर्षं झाली. सासरे साताऱ्याकडं भेदिक गायचे. एका फडानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जवाब द्यायचा, तसलं गाणं. ते ह्यांच्या कानात बसलेलं. बाकी सगळं प्रेसनं दिलं. ठोका पडला की एक ओळ, प्रेस वर गेला की दुसरी. सुचेल ते खडूनं खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहायचं आणि पुठ्ठा घरी आणून वहीत उतरवायचं. पुतणीच्या बारशाला पाळणा, काळेवाडीतल्या निम्म्या लग्नांना मंगलाष्टकं, सेफ्टी वीकला घोषणा आणि स्वतःपुरत्या गझला. पाण्याच्या टँकरवर मी कुणाला झाडलं की तेच शब्द दोन दिवसांनी ह्यांच्या भारुडात सापडायचे.

पुस्तक निघालं आणि हे थांबले. "जाऊ दे गं, शब्दच तर होते." पुठ्ठे यायचे बंद झाले. शिफ्टवरून यायचं, जेवायचं, भिंतीकडं बघत बसायचं. माझ्या जिवाची नुसती काहिली व्हायची. शब्द गेले तर गेले, माझा माणूस कुठं गेला?

सहा महिन्यांनी, गणपतीच्या तोंडावर, रणजीत पुन्हा दारात. लाजही नाही मेल्याला! "भाऊ, कंपनीच्या गणपतीत गायचंय. नवीन काही असलं तर द्या की."

हे नाही म्हणणार तेवढ्यात मीच म्हणाले, "देतील की. रविवारी या."

तो गेल्यावर ह्यांना सांगितलं, "भेदिक लिहा. नुसता सवाल." हे माझ्याकडं बघत राहिले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

रविवारी रणजीत वाचून खूश. गाण्यातलं लोखंड म्हणजे गौरीचा स्टँड आणि पुठ्ठा म्हणजे मखर, असा अर्थ त्यानंच लावला. आम्ही कशाला बोलतोय!

कार्यक्रमाला सगळ्यांच्या घरची माणसं आली होती. "माझी नवी रचना," म्हणत रणजीत गायला:

लोखंडात जन्मली, पुठ्ठ्यावर वाढली,
नटूनथटून मंडपात परक्यानं आणली.
बाप उभा गर्दीत, लेक उभी पुढं,
सांगा राया सभेत तिचं माहेर कुणाकडं?

टाळ्या पडल्या. मी उभी राहिले. "साहेब, हा सवाल झाला. आता जवाब?"

"कसला जवाब, वहिनी? गौरीचं गाणं आहे हे."

"गौरीचं न्हाई, भेदिक हाय!" मागून कोंडाजीबाबा ओरडले. कंपनीतून रिटायर झालेले, साताऱ्याकडचेच. "सवाल टाकणाऱ्याला जवाब ठावा पायजे. सांगा की राव!"

रणजीत रुमाल शोधायला लागला. मग हे उठले, खुर्चीच्या पाठीवर प्रेसचा ठोका धरला:

लोखंड माझ्या प्रेसचं, खडू माझ्या हातचा,
लेक माझी कविता, पाव्हणा फुकट थाटाचा!

प्रेस लाइनच्या सगळ्या पोरांनी पायानं तोच ठोका धरला. मंडप दणाणून गेला. माझा जीव असा थंड झाला म्हणून सांगू!

"हरला की डफ समोरच्याच्या पायाशी ठेवायचा असतोय," कोंडाजीबाबा म्हणाले. डफ कुठला, हातात माइक होता. रणजीतनं खाली मान घालून तो ह्यांच्या पायाशी ठेवला.

पण माझं तेवढ्यावर भागलं नाही. गोष्ट मॅनेजरच्या कानावर गेली तसा रणजीत पुस्तकाच्या उरलेल्या प्रती घेऊन घरी आला. "वहिनी, मिटवून टाका आता."

मी त्याच्या हातात पेन दिलं. "प्रत्येक पुस्तकावरचं तुमचं नाव खोडा आणि ह्यांचं लिहा. अक्षर नीट काढा."

एकशेवीस प्रती होत्या. तिसाव्या प्रतीला हे म्हणाले, "बास की गं, चहा तरी टाक त्याला," आणि पुठ्ठा मांडीवर घेऊन पुन्हा लिहायला लागले.

चहा मी एकशेविसाव्या प्रतीनंतर टाकला.