भिंतीतल्या भट्टीचे रोडगे

वच्छलाबाईंच्या अंगावर मारोतीचा एक नवस चार वर्षांपासून राहिला होता, आणि तो फेडायच्या आड येत होता धूर.

तसा धूर त्यांना नवा नव्हता. पैनगंगेच्या पलीकडून तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या आदिलाबाद जिल्ह्यात बेल्याजवळच्या गावात आल्या, आणि पुढची पन्नास वर्षं चुलीपुढेच गेली. चौथीपर्यंत मराठी शाळा शिकलेल्या, बोलायला कमी, हाताला चव. रोडग्यात तर त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. जाडसर दळलेली कणीक ओवा, मीठ आणि तेलाचं मोहन घालून घट्ट मळायची. लहान लहान पुऱ्या लाटून, तेल लावून, एकीच्या पोटात एक अशा चार मिटवायच्या, आणि तो गोळा गोवऱ्यांच्या आरात पुरायचा. आर म्हणजे जाळ ओसरल्यावर राखेखाली दबून राहतो तो निखारा. रोडगा निघतो तो वरून टणक आणि आतून पदर सुटलेला. मारोतीच्या भंडाऱ्याला गावात दीडदीडशे रोडगे होत, पण आर कधी उकरायचा हे वच्छलाबाईंना विचारल्याशिवाय कोणी काडी हलवत नसे.

नवस झाला तो असा. २००१ च्या पावसाळ्यात त्यांच्या सुनेचा, कुसुमचा, हिवताप डोक्यात चढला. आदिलाबादच्या दवाखान्यात तिनं तीन दिवस डोळे उघडले नाहीत. मुलगा दौलत औषधांसाठी धावत होता. लहान नात शेजारणीकडे. वच्छलाबाई व्हरांड्यातल्या खांबाला टेकून बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पदर पसरला आणि गावच्या मारोतीला शब्द दिला. हळू, पण ओठ हलवून. ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी कुसुमनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

त्याच दिवाळीत त्यांचे मालक डोमाजी गेले. वर्षभर काही करता आलं नाही. पुढच्या वर्षी दम्यानं धरलं. त्याच्या पुढच्या वर्षी त्या हट्टानं गावी गोवऱ्यांपुढे बसल्या, पाचव्या रोडग्याला श्वास कोंडला, आणि उचलूनच न्यावं लागलं. उरलेले रोडगे थोरल्या जाऊबाई प्रयागबाईंनी भाजले. सगळे म्हणाले, झालं, फिटला नवस. वच्छलाबाई म्हणाल्या, नाही. शब्द माझ्या हाताचा होता.

आदिलाबादचे तेलुगू डॉक्टर त्यांना नुसतं एवढंच म्हणत, "अम्मा, पोगा वद्दु." धूर नको. तेलुगू वच्छलाबाईंना फारसं येत नसे, पण हे दोन शब्द त्यांना झोपेतही समजले असते.

नवस कोणासाठी होता हे त्यांनी घरात सांगितलं नव्हतं. कुसुमला वाटे, दौलतची पाटबंधाऱ्यातली नोकरी पक्की झाली त्याचा असेल. वच्छलाबाई तिचा समज तसाच राहू देत. ज्याच्यासाठी बोललो त्याच्या कानावर घातलं, तर तो माणूस जन्मभर आपल्यापुढे वाकून राहतो, असं त्यांचं मत होतं. सुनेनं वाकून राहावं असं त्यांना वाटत नव्हतं.

दौलतनं २००४ मध्ये आदिलाबादेत घर घेतलं आणि आईला तिथंच आणलं. ते घर आधी एका सिमेंट कारखान्यातल्या इंजिनीअरचं होतं. त्याची बायको गोव्याकडची. तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीत ओव्हन बसवून घेतला होता, चांगला कपाटाएवढा, काचेच्या दाराचा. बदली झाली तेव्हा भिंत फोडून कोण नेतो? राहिला तिथंच. पहिलं वर्ष त्यात पापड आणि कुरड्यांचे डबे राहिले. मग नातीच्या वाढदिवसाला कुसुमनं डबे काढून केक केला, आणि तिला नाद लागला. नानकटाई झाली, शेंगदाणे भाजून झाले. वच्छलाबाई त्याला भिंतीतली भट्टी म्हणत आणि लांबूनच बघत. भट्टी असून धूर नाही, हे त्यांना जरा खोटंच वाटे.

२००५ च्या दसऱ्याला कुसुम पुन्हा तापली. तपासणीत काही निघालं नाही, पाचव्या दिवशी ती उठून कामाला लागली. पण ते पाच दिवस वच्छलाबाईंनी घास गिळला तो कसाबसा. त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. मारोती रागावणारा देव नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण दिलेला शब्द चार वर्षं लोंबकळत ठेवला, तर आठवण तर करून देईलच ना? नवसाचे रोडगे मार्गशीर्षातच होत; ह्याही मार्गशीर्षात झाले नाहीत तर पुढं काय, ह्या विचारानं त्यांची झोप गेली.

कार्तिकी एकादशी आली. कुसुमनं उपासाची रताळी ओव्हनमध्ये ठेवली. थोड्या वेळानं काढून एक फोडलं आणि सासूपुढं धरलं. वच्छलाबाईंनी घास घेतला आणि थांबल्या.

"काय झालं, आत्याबाई? कच्चं हाय का?"

"नाई वं. हे तं आरातल्यासारखं लागून राह्यलं."

त्या उठल्या, ओव्हनपाशी गेल्या, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी काचेला हात लावला.

"कुसुम, याच्यात रोडगा होईन का?"

कुसुम हसली. मग सासूचं तोंड पाहून हसू आवरलं. "पाहू ना करून. आपल्याले कोन मारते?"

पहिले पाच रोडगे वाया गेले. कुसुमनं बटण पार शेवटच्या आकड्यावर नेलं आणि लगेच रोडगे आत सरकवले. वरून कोळसा, आतून कणीक. दौलत कचेरीतून आला आणि एक हातात घेऊन म्हणाला, "माय, हे घेऊन गेलीस तं मारोती याचा चेंडू करून खेयन."

"तू गप. खायचं काम तुह्यं, बोलायचं नाई." वच्छलाबाईंनी जळका रोडगा फोडून नाकाशी धरला. "चुकलं कुठी ते समजलं मले. जायावर टाकले आपन. जाय पयले होऊन जाऊ द्या लागते. मंग आर." जाय म्हणजे जाळ; तो ओसरल्याशिवाय रोडगा आत जात नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भट्टी आधी नुसतीच तापवून घेतली, मग आकडा खाली आणवला. दार उघडून ताटलीवर चिमूटभर ज्वारीचं पीठ आत ठेवलं आणि मनात रामाचं नाव घेत राहिल्या. अकरा नावांत पीठ काळं पडलं. "अजून जाय हाय." थोड्या वेळानं पुन्हा. ह्या खेपेला अकरा नावांत पिठाला गव्हाचा रंग आला. "आता टाक."

रोडगे आत गेले. वीस मिनिटं झाली नाहीत तोच करंट गेला. आंध्रात तेव्हा करंट जायला मुहूर्त लागत नसे. कुसुमनं कपाळावर हात मारला आणि दार उघडायला गेली.

"हात नको लावू!" वच्छलाबाई एवढ्या मोठ्यानं बोलल्या की त्यांनाच खोकला आला. पाणी पिऊन म्हणाल्या, "गोवऱ्या विझल्यावर आपन काय रोडगे बाहेर काहाडतो का? राखेतच राहू देतो. आत शिजते तो तवाच."

अर्धा तास दोघी अंधाऱ्या काचेपुढे बसून राहिल्या. करंट काही आला नाही. मग दार उघडलं. वच्छलाबाईंनी एक रोडगा दोन्ही तळव्यांत दाबला. तो फुटला, आणि आतले चार पदर एकामागून एक सुटले. कुसुमनं टाळी वाजवली. वच्छलाबाईंनी हात जोडले ते आधी देवाला, मग भिंतीकडे तोंड करून. त्या गोव्याकडच्या बाईचं नावही त्यांना माहीत नव्हतं. जिथं असेल तिथं सुखात राहो, म्हणाल्या.

मार्गशीर्षातला शनिवार ठरला. पहाटेच उठून, आंघोळ करून, वच्छलाबाईंनी खुर्चीवर बसून कणीक मळली. मळणं त्यांचं, लाटणं त्यांचं, मिटवणं त्यांचं. कुसुमला फक्त बटण. सात सातचे तीन घाणे झाले. दोघी बाहेर रिक्षा पकडायला निघाल्या तेव्हा डालकीत एकवीस रोडगे पांढऱ्या फडक्याखाली ऊन होते, आणि वच्छलाबाईंचा श्वास अगदी सरळ चालला होता.

गावात मारोतीपुढं प्रयागबाईंनी वरण आणि वांग्याची भाजी तयार ठेवली होती. प्रयागबाईंचे मालक चंपतराव ओट्यावरच बसले होते. ऐंशीच्या घरातले, जुन्या काळचे पटवारी; पटवारकी सरकारनं बंद करून वीस वर्षं झाली तरी गाव त्यांना पटवारीसाबच म्हणे. वच्छलाबाईंचे ते भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि थेट बोलायचं नाही, ही रीत वच्छलाबाईंनी बावन्न वर्षं पाळली होती. दोघांचं जे बोलणं होई, ते तिसऱ्याच्या खांद्यावरून.

चंपतरावांनी काठीनं फडकं बाजूला केलं आणि एक रोडगा उचलून पाहिला. बोटं एकमेकांवर घासली.

"राख कुठी हाय?"

त्यांनी तो उलटापालटा करून पुन्हा पाहिला.

"हे तं बेकरीतले पाव दिसून राह्यले. कुसुम, सांग तुह्या सासूले. मारोती काही म्युनिसिपालटीतला बाबू नाई, का कोनताबी कागद पुढं सरकवला अन् चालून गेला. गोवरीबिगर रोडगा म्हंजे शिक्क्याबिगर दस्त."

"आबाजी, त्याइले धूर चालत नाई. ओव्हनात भाजले. पन कनीक मयन्यापासून सारं त्याइच्या हातचं हाय."

"असन. मंग इकरार काय होता? नवस म्हंजे इकरार असते. शर्ती काय कबूल केल्या होत्या, ते समजल्याबिगर मी कसा म्हनू का तामील झाली?"

निवदाच्या वरणाचं भांडं हातात धरून कुसुमनं सासूकडे पाहिलं. वच्छलाबाई पेचात पडल्या. चार वर्षं जपलेलं आता चारचौघांत बोलायचं, तेही जिच्यापासून लपवलं तिच्यासमोर. न बोलावं, तर भासऱ्यांच्या तोंडून 'नाही' निघेल. आणि त्यांच्या 'नाही'वर गाव शिक्का मारेल, मग आपल्याही मनातून ती शंका मरेपर्यंत जाणार नाही.

त्यांनी पदर नीट केला, चंपतरावांकडे पाठ फिरवली आणि मारोतीकडे तोंड केलं.

"मारोतीराया, तवा ऐकाले तूच होता. दवाखान्यात खांबापाशी बसून मी काय बोलली ते मीच सांगतो, चुकली तं तू सांग. म्या म्हनलं, माह्या कुसुमचे डोये उघडू दे. मी माह्या हातानं एकवीस रोडगे भाजून तुह्यापुढं ठेवीन. याच्याउपर एक शबूद बोलली असन, तं तुह्या पायाची शपथ."

कुसुमच्या हातातलं वरणाचं भांडं तिनं खाली ठेवलं की पडलं, ते तिलाही कळलं नाही.

चंपतरावांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवली. मग त्यांच्यातला पटवारी जागा झाला.

"शर्ती तीन. हातानं. एकवीस. भाजून. हात कोनाचे?"

"आत्याबाईचेच," कुसुम म्हणाली. "मी नुसतं बटन दाबलं."

"बटन दाबनं म्हंजे काडी ओढनं. काडी कोनीबी ओढो, त्याले कायदा नाई. एकवीस हायेत?"

प्रयागबाईंनी मोजून होकारार्थी मान डोलावली.

चंपतरावांनी हातातला रोडगा मुठीत दाबला. टणक पाठ फुटली, पदर सुटले, ओव्याचा वास आला. त्यांनी तो नाकाशी नेला.

"भाजला हाय. आतपरेंत." ते उठून उभे राहिले. "मंग गोवरीचं कलम कुठी हाय? इकरारात नाई ते मांगता येत नाई, मांगनारा मी असो का गाव असो. तामील झाली. ठेवा निवद."

"एवढं समजाले तुमाले ऐंशी वर्सं लागली," प्रयागबाई म्हणाल्या, आणि मग सगळे हसले.

निवद दाखवून झाला. वच्छलाबाईंनी मारोतीपुढं डोकं टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मागायचं काही नव्हतं. कपाळाला दगड गार लागत होता आणि त्यांना बरं वाटत होतं.

पंगत बसली. ज्याच्यासाठी नवस, त्यानं पहिला घास घ्यायचा. वच्छलाबाईंनी एक रोडगा फोडला, वर तुपाची धार धरली आणि ताट कुसुमपुढं सरकवलं. कुसुम घास घेईना. डोळ्यांतलं पाणी सरळ ताटात पडत होतं.

"वरनात मीठ कमी पडलं म्हनून राह्यली का?" चंपतराव पलीकडून बोलले. प्रयागबाईंनी डोळे वटारले तसे ते गप जेवू लागले. त्यांनी दुसरा रोडगा मागून घेतला, राखेबद्दल पुन्हा बोलले नाहीत.

कुसुमनं घास घेतला. चावून गिळला. मग हळूच म्हणाली, "आत्याबाई, चार वर्सं. मले काऊन नाई सांगितलं?"

वच्छलाबाईंनी तिच्या ताटात आणखी तूप घातलं.

"काय सांगाचं वं? तू घरात इकडून तिकडं फिरून राह्यली होती. मी पाहून राह्यली होती. लय झालं मले तेवढं. खाय, गरम हाय तवर."