दाराआडच्या चपला

जैनबखाला गेली त्याला तीन आठवडे झाले. फोन आला तेव्हा मी वॉर्डमध्ये सलाइन लावत होते. फोनवर तिच्या इमारतीचा राखणदार होता. "मॅडम, खाला नहीं रही," म्हणाला, मग हलक्या आवाजात, "पुलिस आने से पहले चप्पलें हटा लो." मी रिग्गईला, तिच्या घरी धावले. दाराआडच्या सहा जोड रबरी चपला पिशवीत भरल्या आणि मगच तिच्या उशाशी बसून रडले.

दापोलीकडची खाला इथं आखातात नोकरीला आलेल्या मराठी मुलांना डबे द्यायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरकामाला आणून कोंडलेल्या बायका तिच्याकडे पळून येतात, हे थोड्यांनाच. पासपोर्ट मालकाकडे, वर पळाल्याची तक्रार, आसरा देणाराही गुन्हेगार. चपला शोधायला थांबलं तर पकडलं जाणार, म्हणून बहुतेकजणी अनवाणी यायच्या. आणि अनवाणी बाई रस्त्यावर लगेच ओळखू येते. "नाव मागाहून इचार गो, आधी पाय बघ," खाला म्हणायची. दोन दिवस जेवूखाऊ घालून ती त्यांना वकिलातीत पोचवायची. मी पहिल्यापासून घाबरट. मलमपट्टी करायचे, पण माझ्या घरी कुणाला ठेव म्हटलं की माझी नोकरी आडवी यायची.

गेल्या उन्हाळ्यात आंध्रातली कमला आली. मनगटावर इस्त्रीचा डाग. खाला तापानं फणफणलेली. म्हणाली, दोन दिवस तुझ्याकडं ने. मी नाही म्हटलं, वर शहाणपणा करून कमलाला इथं आणणाऱ्या एजंटला फोन लावला. "समजुतीनं मिटवू, ताई," तो गोड बोलला आणि मला ते खरं वाटलं. निळ्या चपला घालून कमला त्याच्या गाडीत बसली... पुढे तिचा फोन कधीच लागला नाही. निळ्या जोडाची जागा खालानं पुन्हा भरली नाही.

त्या चपला आता अबू हलीफात, माझ्या दाराआड आहेत, एक जागा सोडून. "हूज आर दीज, आई?" मुलगी विचारते. पाहुण्यांच्या, मी सांगते. खाली दोन दिवस एक पांढरी गाडी उभी आहे, कुणाची ते कुणालाच माहीत नाही. हे छापून येईल तेव्हा मी कुठे असेन, सांगता येत नाही.

काल दुपारी बेल वाजली. दाराच्या भिंगातून कुणी दिसेना. गुडघे टेकून खालच्या फटीतून पाहिलं. धुळीनं माखलेली बोटं, एका नखाला रक्त... मी कडी काढली आणि नाव न विचारता लाल जोड पुढे सरकवला.