पारखीचाचांचा शब्द

जनावराला हात लावण्यापूर्वी पारखीचाचा स्वतःचा हात त्याच्यासमोर उलटा धरून उभे राहत. बैल असो, म्हैस असो, नाही तर कुत्र्याचे पिल्लू असो, त्याने हुंगून तोंड फिरवले तरी चाचा तसेच थांबत. घाईत असलेल्या मालकाला ते एकच वाक्य सांगत, “पयले त्याले आपल्याले पाहू द्या, मंग आपून त्याले पाहू.” हे वाक्य मी प्रथम ऐकले तेव्हा मला पूजेच्या आरंभी बसून राहण्याचा तो क्षण आठवला, जेव्हा हात जोडलेले असतात आणि मुखातून अजून एकही अक्षर उमटलेले नसते.

चाचा चांदूर बाजारच्या गुरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक होते. जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, जनावर आवळून धरणे हे त्यांचे काम. परंतु त्यांची कीर्ती दवाखान्यातली नव्हती, ती बैलबाजारातली होती. बैलाच्या शेपटीच्या मुळापासून वशिंडापर्यंत ते डोळे मिटून हात फिरवीत आणि सांगत, याची माय गौळाऊ जातीची, बाप उमरडा, आजा कुठून तरी घाटाखालून आलेला. विकणारा आणि घेणारा दोघेही मान डोलवीत. या शब्दासाठी चाचांनी कुणाकडून चहाखेरीज काही घेतल्याचे मला ठाऊक नाही. “शब्द इकला का मंग त्याचं वजन जाते,” असे ते म्हणत. मी तिथल्याच शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवले, शब्दांची मुळे शोधली. ते जनावरांची शोधीत. त्यामुळे आमची मैत्री जुळली असावी. ते मला गुरुजी म्हणत आणि मी त्यांना चाचा म्हणे, वयाने मी चार वर्षांनी वडील असूनही.

पुढे जी वर्षे आली त्यांविषयी वऱ्हाडातल्या माणसाला फार सांगावे लागत नाही. चारा गेला, पाणी गेले, आणि गोठे एकामागून एक रिकामे झाले. बाजारात बैल पुष्कळ येऊ लागले, घेणारे मात्र कमी होत गेले. त्यांची माय-बाप कोण, हे आता कुणी विचारत नसे. विचारीत ते एवढेच, की अजून किती दिवस चालेल. त्याच सुमारास एका आठवड्यापासून चाचांनी बाजाराला जाणे बंद केले. कारण विचारले तर म्हणाले, “हात थकला गुरुजी.” मला ते खरे वाटले, कारण थकवा त्या वर्षांत सगळ्यांच्याच हातांत होता.

निवृत्तीनंतर ते अमरावतीस आले; मी आधीच इथे येऊन राहिलो होतो. गावाबाहेर कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात काही भल्या माणसांनी सोडून दिलेल्या जनावरांसाठी निवारा चालवला होता. तिथे चाचा सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबत. म्हातारे बैल, आंधळी गाय, लंगडी गाढवे, आणि गाव सोडून गेलेल्या घरांची कुत्री. मी कधीमधी गुळाचा खडा घेऊन जाई. चाचा तो गाईला देत आणि हात धुऊन माझ्याजवळ बसत. आम्ही फारसे बोलत नसू.

एका श्रावणात ते आवार विकले गेले आणि महिनाभरात जागा मोकळी करावी असा निरोप आला. गुरांची सोय एका गोशाळेने केली. पण कुत्र्यांना तिने साफ नकार दिला. मोठी कुत्री कुणी शेतावर नेली, कुणी वस्तीवर. उरली ती नुकती डोळे उघडलेली पिल्ले. महिना संपेपर्यंत त्यांना घरे मिळाली नाहीत, तर ती रस्त्यावर जाणार होती. चाचांना त्या दिवसांत अन्न गोड लागत नसे.

त्याच वेळी आमच्या गल्लीत दोन चोऱ्या झाल्या. मुले दूर, घर शेवटचे, आम्ही दोघेच. कुत्रा पाळावा असे ठरले. मात्र मी हटून बसलो, की कुळ कळल्याशिवाय प्राणी घरात घ्यायचा नाही. आज हे लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी मला तो विवेक वाटला होता. मी चाचांकडे गेलो. त्यांच्या मांडीवर एक पिंगट पिल्लू होते, पुढच्या उजव्या पायात जणू पांढरा मोजा घातलेले. मी म्हणालो, “चाचा, याचं कुळ सांगा.”

चाचांनी त्याच्यापुढे हात धरला नाही. हे मी पाहिले, पण त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, “तीन हिस्से गावरान हाय गुरुजी. पन एक हिस्सा तिकडल्या बर्फाच्या पहाडातल्या कुत्र्याचा. देवळाच्या पायरीवर बसून राह्यतेत ना, ते. वरन-पोळीवर राहीन. हाडूक मांगनार नाई. हिवाळ्यात पहा, अंगावर लोकर येईन.”

देवळाच्या पायरीवरचे कुळ! मला आणखी काय हवे होते? मी त्याचे नाव नंदन ठेवले. सौभाग्यवतीने पहिल्याच संध्याकाळी त्याचा नंदू केला.

आमच्या पाठमंडळात आम्ही सात जण आहोत. दर एकादशीला एकेकाच्या घरी विष्णुस्मरणासाठी जमतो. मी तिथे चाचांचा शब्द निर्वाळा देऊन सांगितला, “चाळीस वर्षांत त्यांचे एक अनुमान चुकलेले नाही.” माझ्या भरवशावर उरलेले सहाही जण एकेक करून जिनिंगवर गेले आणि पिल्लू घेऊन आले. प्रत्येकाला चाचांच्या मांडीवर एकच पिल्लू दिसले होते. पोळ्याच्या आधी जागा मोकळी झाली. एकही पिल्लू रस्त्यावर गेले नाही.

मग आमच्या घरी हिवाळ्याची वाट पाहणे सुरू झाले. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. मी रोज सकाळी नंदूच्या पाठीवरून हात फिरवून बघे. सौभाग्यवती तुळशीपाशी बसून विचारी, “आली का लोकर?” मी म्हणे, “येईल.” ती म्हणे, “लवकर येऊ दे म्हणावं, माझा एक स्वेटर होईल.” पौष संपला तरी अंगावर तेच आखूड केस होते. उजवा कान उभा राहिला होता, डावा पडलेलाच होता. आणि शेजारच्या घरून त्याने एक हाडूक आणून आमच्या तुळशीवृंदावनाच्या मागे पुरले होते, जे तिने मला पुष्कळ दिवस सांगितले नाही.

माघातल्या एकादशीला पाठ शेंदूरजनाघाटच्या संत्रा बागायतदारांकडे होता. त्यांच्या मुलांसाठी त्यांनी इथे घर केले होते. पाठाच्या दिवशी कुत्रा मागे बांधून ठेवायचा असा आमचा नेम, त्यामुळे कुणी कुणाचा पाहिला नव्हता; त्या दिवशी पाठ संपला आणि त्यांचा कुत्रा दोर सोडवून आतून अंगणात आला. पिंगट. उजवा कान उभा, डावा पडलेला. पुढच्या उजव्या पायात पांढरा मोजा.

“हा आमचा लॅब्रा,” बागायतदार कौतुकाने म्हणाले. “चाचांनी सांगितलं, बागेत पोरांसोबत खेळंन, कोनाले चावनार नाई.”

आमच्यातल्या निवृत्त फौजदारांनी हातातला प्रसाद खाली ठेवला. “असाच माझ्या घरी हाय. पन मले तर अल्सेशियन सांगतला! म्हने, चोराचा वास दोन गल्ल्यांवरून घेईन.”

होमिओपॅथीचे डॉक्टर म्हणाले, “मला डॉबरमन.”

मग फौजदार माझ्याकडे पाहून म्हणाले, “चोराचा वास दोन गल्ल्यांवरून राहू द्या बाप्पा, माझ्या पंक्तीत सहा महिने चोर बसून होता, मलेच नाई समजला!” सगळे हसले. मी हसलो नाही. निर्वाळा माझा होता.

घरी येऊन मी हे सौभाग्यवतीला सांगितले. एकाच विणीची पिल्ले, आणि प्रत्येकाला त्याच्या मनाजोगते कुळ. “चाचा खोटं बोलले,” मी म्हणालो. ती निवडायला घेतलेल्या तांदळांतून मान वर न करता म्हणाली, “खोटं त्यांनी सांगितलं खरं. पण मागितलं कोणी?”

दुसऱ्या दिवशी मी चाचांच्या खोलीवर गेलो. ते फार वाळले होते. खाटेखाली आठवे पिल्लू होते, एक कान उभा, एक पडलेला.

“समजलं वाटते,” माझा चेहरा पाहून ते म्हणाले.

“चाचा, तुम्ही काहून असं केलं?” माझ्या तोंडून आपोआप त्यांची बोली निघाली.

मग त्यांनी मला बाजार सोडल्याचे कारण सांगितले. तिवस्याकडचा एक म्हातारा आपला बैल घेऊन आला होता. एक शेतकरी तो घ्यायला तयार झाला, फक्त चाचांच्या शब्दासाठी थांबला. चाचांनी हात फिरवला आणि सांगितले, खांदा गेलेला आहे, दोन हंगामही निघणार नाहीत. खरेच होते ते. शेतकरी पुढे निघून गेला. उरले ते असे गिऱ्हाईक, ज्याच्या घरी औत नव्हते, सुरी होती.

“बुढा भांडला नाई गुरुजी. भांडला असता तं बरं झालं असतं. बैलाच्या गळ्यातली घंटी सोडली, धोतरात बांधली, अन् मले म्हने, ‘तुमचं खरं हाय चाचा.’ अन् गेला.” चाचांनी आपला हात उलटा करून पाहिला. “चाळीस वर्स खरं सांगतलं म्या. त्या दिसापासून हा हात जनावरापुढं धराची हिंमत नाई झाली. मंग ते पिल्ले आले. जो तो इचारे, कोनती जात, कोनती जात. माय कापूस मार्केटच्या मांगं गाडीखाली आली. बाप कोन ते तिलेच मालूम. हे खरं सांगून पाहिलं मी दोघायले. दोघंबी हात झटकून गेले.”

“म्हणून खोटं?”

“हो. सात डाव. आठव्यासाठी कोनी आलंच नाई, नाई तं आठ डाव झालं असतं.” मग ते उठून बसले आणि अगदी औपचारिक स्वरात म्हणाले, “बाजारचा कायदा हाय गुरुजी. खोटा शब्द सांगून देल्लं जनावर मालक परत आनू शकते. तुमी साऱ्यायले खरं सांगा. ज्याले परत द्याचं त्यानं आनून द्यावं. मी घेईन.”

त्या खोलीत एक खाट आणि एक चूल मावत होती. तिथे आठ कुत्री ते कुठे ठेवणार होते, हे मी विचारले नाही. त्यांच्या दृष्टीने प्रश्न जागेचा नव्हता. परत आलेले प्रत्येक जनावर त्यांच्यावरचा निकाल ठरणार होते.

निर्वाळा माझा, म्हणून निरोपही माझाच होता. मी सहाही घरी पायी गेलो. प्रत्येक ठिकाणी तेच सांगितले, की कुळ खोटे आहे, माय रस्त्यावरची होती, बाप ठाऊक नाही, आणि चाचा परत घ्यायला तयार आहेत. डॉक्टर म्हणाले, “आता याचं नाव रेशनकार्डावर घालायचं तेवढं राहिलंय, परत कुठे देता?” बागायतदारांच्या नातीने कुत्र्याच्या गळ्यात हात टाकला आणि मी जाईपर्यंत काढला नाही. फौजदारांनी तर मला फाटकाबाहेर घेतले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “हळू बोला ना गुरुजी, त्याले आयकू जाते.”

सहा घरे व्हायला मला तीन आठवडे लागले, कारण गुडघे दुखत होते. तेवढ्यात चाचांची प्रकृती ढासळली आणि त्यांची मुलगी त्यांना अकोल्यास घेऊन गेली. चैत्राच्या उन्हात मी एस.टी.ने अकोल्यास गेलो. चाचा भिंतीकडे तोंड करून पडले होते. खाटेखाली तो आठवा होता.

“चाचा, मी आहे.”

“गुरुजी. साऱ्यायले सांगतलं?”

“सांगितलं.”

“खरं?”

“अक्षर न अक्षर.”

“किती परत आले?”

“एकही नाही.”

मला वाटले, ऐकू गेले नसावे, म्हणून मी पुन्हा सांगितले. तेव्हा ते माझ्याकडे वळले, त्यांनी खाटेवरून हात खाली सोडला आणि उलटा करून तसाच धरून ठेवला. आठवा उठला, पुढे आला, आणि त्याने हात हुंगला. फार दिवसांनी त्यांच्या तोंडावर ऊन पडल्यासारखे काही दिसले. “तुमचा नंद्या,” ते म्हणाले, “लोकर आली का?” मी नाही म्हणालो. “नाईच येनार,” ते म्हणाले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला.

वैशाखाच्या अखेरीस मुलीचा निरोप आला. मी पोहोचलो तेव्हा सारे आटोपले होते. तिने मला बसायला सांगितले, पाणी दिले, आणि म्हणाली, “गुरुजी, अब्बांनी या कुत्र्यासाठी तुमचं नाव घेतलं होतं. पन तो खाटेखालून निघूनच नाई राहिला. ओढावं का?”

“नको,” मी म्हणालो.

मी जमिनीवर बसलो. दुखरा गुडघा हळूहळू वाकवला, हात उलटा करून खाटेखाली धरला, आणि थांबलो. आतून दोन डोळे माझ्याकडे बघत होते. मला परतीची गाडी होती, पण मी घाई केली नाही.