खंडेनवमीचं रिव्हॉल्व्हर

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! मी कशेळ्याच्या शाळेत इतिहास शिकवतो, एवढं आधी लक्षात ठेवा. म्हणजे पुढचा गाढवपणा नीट कळेल.

आमच्याकडे आजोबांची एक पत्र्याची पेटी आहे. दर खंडेनवमीला दादा, म्हणजे माझे वडील, ती उघडायचे, आतल्या रिव्हॉल्व्हरला हळदकुंकू वाहायचे आणि परत कुलूप लावायचे. आम्ही लांबूनच नमस्कार करायचो. शस्त्रपूजा ती! हात लावायची कुणाची हिंमत?

यंदा नवरात्र तोंडावर आलं आणि दादांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "आता तूच कर रं पूजा." आई गेल्यापासून दिवसभरात बोलतात ते एवढंच.

पेटी उघडली. रिव्हॉल्व्हर काळं, हळदकुंकवाच्या पुटांनी माखलेलं. झालं, माझ्यातला इतिहासकार जागा झाला! गोऱ्या साहेबाच्या हातून हिसकावलेलं असणार! आजोबा नक्की भूमिगत होते! ठरवलं, हे चकाचक करून दादांपुढे ठेवायचं. जरा तरी खुलतील.

सांडशीनं उचललं, तर आत काहीतरी खुळखुळलं.

"गोळी!" मी किंचाळलो.

"मग पोलिसांना सांगा," बायको म्हणाली.

"आणि परवाना मागितला तर? या वयात दादांना चौकीवर नेऊ? त्यांना एक अक्षर कळता कामा नये!"

खालापूरला इक्बालभाई आहेत. परवान्याच्या बंदुका दुरुस्त करण्यात हयात गेली त्यांची. रिव्हॉल्व्हर पंच्यात गुंडाळलं, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घातलं आणि एसटीत बसलो. नळी स्वतःच्या पोटाकडे! दुसऱ्या कुणाला लागायला नको. प्रत्येक गतिरोधकाला रामनाम. शेजारची मावशी म्हणाली, "मास्तर, पोटात दुखतंय काय?"

इक्बालभाईंनी चष्मा लावला, रॉकेलचा बोळा फिरवला. हळद गेली, कुंकू गेलं, काळा रंगही गेला. मग त्यांनी नखानं टोकरलं.

"गंज फार आहे का हो?" मी कुजबुजलो.

"गंज नाय मास्तर. वाळवी लागलीय."

"रिव्हॉल्व्हरला?"

"लाकडाला! नळी तेवढी लोखंडाची, पाण्याच्या पायपाची. बाकी सगळं सुताराचं काम." त्यांनी ते उलटं करून आपटलं. आतून पूजेची सुपारी टपकन पडली. "ही घ्या तुमची गोळी."

घरी आलो आणि दादांपुढे सगळं कबूल केलं. दादा हसले. अहो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले!

"आरं, माजे आबा गावच्या नाटकात फौजदार व्हायचे. त्यांचं हत्यार ह्येच! तू नाय खडू पुजत नवमीला?"

"मग सांगितलं का नाहीत?"

"इचारलंस कवा? खालापूर गाठलंस, पन घरातल्या म्हाताऱ्याला नाय इचारलंस!"

खरंच हो. इतिहासाचा मास्तर मी, आणि साक्षीदार ओसरीवर बसलेला! लाज वाटली, पण त्या हसण्यापुढे लाजेचं काय एवढं?

इक्बालभाईंनी वाळवी काढून, पॉलिश करून दिलं. पूजा झाली आणि दुसऱ्याच दिवशी दादांनी गावातली मंडळी गोळा केली. दिवाळीत आजोबांचं नाटक पुन्हा होणार! दिग्दर्शक दादा. आवाज असा लागलाय की चार घरं सोडून ऐकू येतो.

मी अर्थातच फौजदाराचं काम मागितलं.

"नको," दादा म्हणाले. "फौजदार रिव्हॉल्व्हर सांडशीनं धरत नाय. तू पयल्या अंकात मर."

तेव्हापासून रोज मढं होऊन पडतोय. आणि दादा रोज ओरडतात, "आरं, मेलेला मानूस हसत नाय!"