भिंतीवरचे आकडे

मी गावाबाहेरच्या वस्तीत गेले तेव्हा शेवंताबाई झोपडीची भिंत लिंपत होती. दाराजवळची हातभर जागा मात्र तिनं कोरडीच सोडली होती. तिथं गेरूचे, खडूचे आकडे होते. कुणी घरकुलासाठी, कुणी रेशनसाठी, कुणी संडासासाठी मोजून गेलेलं. दर खात्याचा माणूस यायचा, आधीच्याचा आकडा न वाचताच शेजारी आपला लिहायचा आणि जायचा. भिंत एकच, बाई एकच. पण एकालाही दुसऱ्याला विचारावंसं वाटलं नाही. परत तर कुणीच आलं नाही.

"मावशी, एवढंच का ठेवलंत?"

"लिंपलं तर सायबांना आमी सापडायचं कसं, ताई?"

त्या आकड्यांमधून भेगा गेल्या होत्या. मी विचारलं, "पावसात पाणी येत नाही?"

"येतं की," ती म्हणाली, "तितूनच येतं."