इस्पिक शुभ मानणारे साडभाऊ

इस्पिकचा एक्का पाहून ज्याचा चेहरा खुलतो असा माणूस उभ्या जगात एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. माझ्या बायकोची थोरली बहीण तिवशाला दिली, तिचे हे यजमान. हार्डवेअरचं दुकान, थोडी संत्र्याची बाग, अंगात पांढरा पायजमा-सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात कायम पत्त्यांचा कॅट. पण या कॅटनं रमी खेळायची कोणाची छाती नव्हती. एकदा लग्नघरी जागरणाला कोणीतरी तो मागितला, तर हे म्हणाले की देवघरातल्या घंटीनं कोणी जेवायला बोलावतं का.

ही विद्या त्यांनी तरुणपणी कौंडण्यपूरच्या जत्रेत एका फिरत्या ज्योतिषाकडून घेतली. त्यानं परंपरेनं आलेले अर्थ शिकवले: लाल पत्ते चांगले, काळे वाईट, इस्पिक म्हणजे तर थेट मरण. साडभाऊंनी सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि घरी येऊन दुरुस्त केलं. त्यांचं म्हणणं, तो बिचारा परमुलखातला, त्याच्याकडे माती तांबडी असेल. आपल्या वऱ्हाडात काळं म्हणजे जमीन, आणि जमिनीला अशुभ कसं म्हणायचं? तेव्हापासून तिवशात इस्पिक शुभ झालं. किलवरचा आकार त्यांना संत्र्याच्या झाडासारखा दिसे, म्हणून किलवर म्हणजे बाग. चौकट म्हणजे घराचं दार, बदाम म्हणजे माणसाचं मन. दुर्री निघाली की दोन भावांत शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण ठरलेलं. जोकर म्हणजे पाऊस. कुठेही लागतो, नाहीतर लागतच नाही. आणि बदामचा गुलाम म्हणजे जावई. मिशा पिळलेला, नटलेला, कामाचा नाही. हा अर्थ ते सासुरवाडीत, माझ्याकडे पाहून, दरवर्षी नव्यानं समजावून सांगत. आपणही त्याच घरचे जावई आहोत हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी झालं की खिळ्यांच्या पेट्यांवर पत्ते मांडले जात. शेजारचे बांगडीवाले चाचा आपला चहा घेऊन येऊन बसत. त्यांचा या प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता आणि ते तसं रोज सांगत. "अपने को ये पत्ते-वत्ते नहीं जमते, भाऊ," म्हणत, आणि मग हळूच, "पर निकालेच हो, तो पोरीचं बी पाहून टाका." साडभाऊ पाहत. त्यांना चाचांच्या पोरीचं सासर माहीत होतं, सासूचा स्वभाव माहीत होता, जावयाच्या गाडीचा हप्तासुद्धा माहीत होता. भविष्य बऱ्याचदा बरोबर येई. चुकलं तरी यांचा आवाज खाली येत नसे. एका शेतकऱ्याची म्हैस हरवली तेव्हा त्यांनी तिला मोझरीच्या वाटेवर शोधायला लावलं आणि ती सापडली अगदी उलट दिशेला. साडभाऊ शांतपणे म्हणाले, "पत्ता बरोबर होता. म्हैस चुकली."

या माणसाला आम्ही एकदा खरोखरीच्या निकडीनं अमरावतीला आमच्या घरी बोलावलं. माझ्या मुलीला शहरातल्याच एका चांगल्या घरातलं स्थळ आलं होतं. मुलगा दिसायला बरा, घरचा व्यापार, वरूडकडे बाग. दुसऱ्या दिवशी होकार कळवायचा होता. त्याच आठवड्यात तिला अकोल्याला शेतीच्या पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता, पण पाहुण्यांना लग्नाची घाई होती. मुलीला विचारलं तर तिनं "तुम्ही म्हणाल तसं" एवढंच उत्तर दिलं. बायको म्हणाली, एकदा भाऊजींना पत्ते पाहू द्या.

साडभाऊ दुपारी आले, जेवले, सतरंजीवर बसले. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. पहिला पत्ता निघाला किलवरचा राजा. दुसरी बदामची राणी. तिसरा चौकटीचा एक्का. बागाईतदार नवरा, मनासारखी बायको, नवं घर. त्यांची विद्या ऐकून ऐकून एव्हाना मलाही पाठ झाली होती. बायकोनं हात जोडले. साडभाऊ पत्ते गोळा करत म्हणाले, "नाही जमत. सांगून द्या त्याईले."

मी वाद घातला. त्यांच्याच नियमांनी हे तिन्ही पत्ते उत्तम होते. पण ते ऐकेनात, आणि त्यांच्या शब्दापुढे बायको माझं ऐकेना. नकार गेला. संध्याकाळी त्यांना एसटी स्टँडवर सोडताना मी पुन्हा विषय काढला, तेव्हा ते चालता चालता थांबले.

"पत्ते कोन पाहून राहिलं होतं, साडभाऊ?" ते म्हणाले. "राणी निघाली अन् पोरीच्या डोळ्यात पानी आलं. तुमी सारे पत्त्याकडं पाहत होते. मले तिचं तोंड दिसत होतं."

मुलगी अकोल्याला गेली. शिकली, आता तिथेच कापसाच्या वाणांवर काम करते, आणि पुढे तिनं स्वतः निवडलेल्या मुलाशी आम्ही आनंदानं लग्न लावून दिलं. त्या लग्नात साडभाऊ प्रत्येकाला सांगत होते की किलवर म्हणजे शेती, शेती म्हणजे अकोला, हे पत्त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं.

गेल्या वर्षी साडभाऊंच्या पत्नी, आमच्या ताई, वारल्या. मग मुलगा साडभाऊंना पुण्याला घेऊन गेला. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली बगीचा, ज्येष्ठांसाठी बाकं. परवा मी फोन केला आणि गमतीनं विचारलं, तिकडच्या लोकांना इस्पिक शुभ असल्याचं पटलं का. ते हसले नाहीत. कॅट कपाटात असल्याचं म्हणाले.

"इथं बाजूच्या घरात कोन राहते हेच मले माहीत नाही," ते म्हणाले. "त्याचं नशीब काय सांगू?"

मी म्हटलं, मग इकडे या, चाचा भेटले की तुमचं विचारतात. कधी येता? साऱ्या तालुक्याला लग्नांचे आणि पावसाचे महिने छातीठोकपणे सांगणारा हा माणूस एवढंच म्हणाला, "पाहू."